बारावी खुर्ची

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलंय. 'मास्तर, तुमच्या सेवाकाळातल्या काही गोड आठवणी पाठवा.' गोड हवं असेल तर करंज्यांची कृती छापावी. मी पिंपरी-चिंचवडच्या कारखानी वस्तीत वीसेक वर्षं चर्चचा मास्तर होतो आणि त्या वर्षांत गोड म्हणावं असं माझ्या वाट्याला फारसं आलं नाही. डोक्याला ताप मात्र भरपूर आला. त्यातला एक अजून उतरलेला नाही, तो लिहून पाठवतो. छापायचा की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

निमित्त ताजं आहे. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या नव्या तरुण फादरांनी सभा बोलावली. विषय असा, की पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बायका आणि असे इतर भाविक यांचं चर्चमध्ये स्वागत कसं करावं. भिंतीवर चित्रं दाखवली, आमचे गट पाडले, चहा-बिस्किटं झाली. पोरगा मनाने चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटी कोपऱ्यात काठी टेकून बसलेल्या माझ्याकडे वळून तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या वेळी हा प्रश्न नव्हता ना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी म्हटलं, "फादर, प्रश्न नव्हता. माणसं होती." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण उत्तर जमून गेलं असलं तरी त्या माणसांशी मी कसा वागलो ते मला ठाऊक होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, चर्चचा मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. फादरांच्या हाताखाली धर्मशिक्षण देणारा, आजाऱ्याला भेटणारा, लग्नाचे कागद जमवणारा, मयताला खड्डा खणून घेणारा आणि भांडणात दोन्हीकडून शिव्या खाणारा जो माणूस, तो मास्तर. फादर आज ना उद्या बदलून जातात, मास्तर तोच राहतो. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं ते फादरांच्या आधी मास्तरला कळतं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या गावातून आलो तेव्हा इथे शेतांमधून कारखाने उगवत होते. मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. लॅटिन नुकतंच गेलं होतं आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली होती. आता लोक म्हणजे कोण? आम्ही नगरचे, शिवाय वसईचे, गोव्याचे, मंगलोरचे, तमिळ, मल्याळी. प्रत्येकाला वाटे, पवित्र मरियेला आपलीच भाषा जास्त कळते. एका रविवारी तीन भाषांत एकच गीत एकाच वेळी सुरू झालं आणि फादर जोकिम वेदीवरून उतरून सरळ बाहेर जाऊन उभे राहिले. फादर जोकिम मूळ वसईचे, साठीकडे झुकलेले आणि माझ्याहून तापट.

त्या गोंधळातून आम्हाला सोडवलं ते लाजरसने. लाजरस माझ्याच भागातला, फाउंड्रीत मोल्डिंगला होता. काळ्या वाळूत दिवसभर राबायचा आणि रविवारी शिफ्ट सांभाळून पांढऱ्या सदऱ्यात पेटीवर बसायचा. त्याने पेटीचा भाता हलवला की सगळ्या भाषा निमूट एका सुरात यायच्या. असा माणूस मिळाल्यावर मास्तर काय करतो? त्याचं लग्न जमवायला निघतो. आमच्या धंद्यातली ही खोड आहे. सडा माणूस दिसला की मास्तरच्या हातांना खाज सुटते.

दोन वर्षांत मी त्याच्यासाठी तीन स्थळं आणली. पहिल्या मुलीच्या बापाला त्याने मटण खाऊ घालून परत पाठवलं. दुसऱ्याला पेटी वाजवून दाखवली. तिसऱ्या वेळी मी स्वतः मुलीच्या मामाला घेऊन सायकलवरून पवना ओलांडून रहाटणीला गेलो. तिथे शेताच्या कडेला एका खोलीत तो भाड्याने राहत होता, सोबत फ्रान्सिस. फ्रान्सिस वसईचा, टूलरूममध्ये फिटर, उंच आणि कमी बोलणारा. चर्चमध्ये तो नेहमी शेवटच्या बाकावर बसे आणि मिस्सा संपली की पेटी उचलून आत ठेवे. मामाला बाहेर बाजेवर बसवून लाजरस मला विहिरीकडे घेऊन गेला.

"मास्तर, आता मुली आणू नका."

"का बाबा? नवस बोललायस का?"

"माझं घर झालंय," तो म्हणाला. खोलीच्या दाराकडे त्याने नुसतं पाहिलं. दारात फ्रान्सिस कंदिलाची काच पुसत उभा होता.

मला समजलं. न समजायला मी काही दूधखुळा नव्हतो. आमच्या गावाकडे अशा माणसाला एकच शब्द होता आणि तो शिवीसारखा वापरत. तो शब्द लाजरसवर कुठे बसेना. मी मामाला सायकलवर बसवलं आणि सगळ्या रस्त्याने त्याला खोटं सांगत आणलं, की मुलाच्या छातीत दोष आहे.

निघण्यापूर्वी घरमालकीण हौसाबाई गोठ्यापाशी एकटी भेटली होती. रहाटणीची जुनी शेतकरीण. मी आडून आडून विचारलं, ही माणसं कशी आहेत. ती म्हणाली, "दोगं हायत. दारू न्हाई, भांडान न्हाई. पानी भरत्यात, अंगण झाडत्यात. माज्या पोरांपरीस बरी."

"नाही, पण लग्नाची वयं झाली."

"लगीन करून कुनाचं भलं झालंय, मला सांगा मास्तर," ती म्हणाली आणि शेण उचलायला वाकली.

मी जाऊन फादर जोकिमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मास्तर, पापनिवेदनात मला काय कळतं ते मी सांगू शकत नाही. आणि तुला विहिरीवर काय कळलं ते तू सांगायचं नाहीस. झालं? जा." मला वाटलं होतं फादर रागावतील किंवा उपदेश करतील. काहीच केलं नाही म्हणून मीच रागावून घरी आलो. माणसाने ओझं उतरवायला जावं आणि समोरच्याने ते पुन्हा नीट बांधून पाठीवर द्यावं, तसं झालं.

पुढे बरीच वर्षं काही बिघडलं नाही. दोघं येत, पेटी वाजे, पेटी उचलली जाई. लोकांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण पेटी हवी होती.

घोडं अडलं ते पवित्र गुरुवारच्या यादीवर. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले म्हणून. हे बारा पुरुष निवडायचं काम मास्तरचं, आणि ते करून बघावं म्हणजे कळेल. नगरचे चार घेतले तर वसईचे रुसतात. कुणी म्हणतो, माझ्या टाचेला भेग आहे, पुढच्या वर्षी बघू. कुणाची बायको आठवडाभर दगडाने घासून नवऱ्याचे पाय इतके लख्ख करते, की फादरांना धुवायला काही उरतच नाही. आमच्याकडे पुष्कळ कंपन्यांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे शिफ्टची सबबही चालत नाही. एकदा एक जण बूट काढल्यावर तिथेच उठून गेला, कारण मोजा भोकाचा निघाला.

त्या वर्षी फादर जोकिम म्हणाले, "लाजरसचं नाव घाल."

"फादर, तो पेटीवर असतो."

"इतकी वर्षं पेटीवर आहे म्हणूनच घाल. तेवढा वेळ बिनपेटीचं गाऊ. येशूच्या वेळी कुठे पेटी होती?"

मी नाव घातलं आणि रीतीप्रमाणे यादी दारावर लावली. सोमवारी पाटोळे फोरमन माझ्या घरी आले. आमच्या समितीचे प्रमुख. कारखान्यात कुणाला चिकटवायचं आणि कुणाला परमनंट करायचं, यात त्यांचा शब्द चाले. त्यामुळे निम्मं चर्च त्यांच्या उपकाराखाली होतं.

"मास्तर, त्याने पेटी वाजवावी. आम्ही कधी काही बोललोय का?" ते म्हणाले. "पण शिष्यांच्या ओळीत बसवायचं म्हणजे आपण त्या प्रकाराला शिक्का मारतो. तो बसणार असेल तर मी नाही. माझ्याबरोबर आणखी चार जण नाहीत."

"फादरांनी सांगितलंय."

"फादर उद्या बदलून जातील. तुम्हाला इथेच राहायचंय."

हे खरं होतं. आणखी एक खरं होतं, ते मी तेव्हा फादरांना सांगितलं नाही, आता सांगतो. माझा धाकटा मेहुणा पाटोळ्यांच्याच खात्यात टेंपररी होता. पाटोळ्यांनी त्याचं नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मंगळवारी दुपारी मी रहाटणीला गेलो. रस्ताभर मनात जुळवाजुळव केली, आणि दारात पोचल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. ऊन किती वाढलंय, विहिरीचं पाणी कसंय. लाजरसनेच विचारलं, "काय काम काढलंत?"

"हे बघ, यंदा थोडी अडचण आहे. गुरुवारी तुझी शिफ्ट निघाली असं सांगू. पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं घालतो."

"मास्तर, गुरुवारी आमची सुट्टी असते. सगळ्या पिंपरीला ठाऊक आहे."

फ्रान्सिस स्टोला पंप मारत होता, तो थांबला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल. पाचवं तेव्हा बोलला. "ह्याने रविवारपासून पाय भिजत घातलेत, मास्तर. वाळू निघत नाही म्हणून. हौसाबाईंनी तेल दिलंय भेगांना."

मी लाजरसच्या पायांकडे पाहिलं. फाउंड्रीवाल्यांच्या टाचा कधी स्वच्छ होत नाहीत, काळी वाळू भेगांत जाऊन बसते. त्याच्या टाचा घासून घासून लाल झाल्या होत्या. एका ठिकाणी रक्त साकळलं होतं. त्याने पाय हळूच बाजेखाली ओढून घेतले.

"ठीक आहे मास्तर," तो म्हणाला. "मी पेटीवर बसेन. तुम्ही चहा घ्या."

मी चहा घेतला. तो नाकारला असता तरी थोडी अब्रू राहिली असती, तेही मला सुचलं नाही.

फादरांना मी सांगितलं, की लाजरसनेच नको म्हटलंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. गुरुवारी पाटोळे आणि त्यांचे चौघे वेळेआधी हजर. मंडपवाल्याच्या बारा लोखंडी खुर्च्या वेदीसमोर मांडल्या होत्या. प्रवचन संपलं, माणसं जाऊन बसली आणि मी मोजलं तर अकरा. लाजरसच्या जागी घातलेला बारावा, चिंचवडचा एक वेल्डर, सासुरवाडीची माणसं आली म्हणून घरीच बसला होता. निदान निरोप तरी धाडावा की नाही? शेवटची खुर्ची रिकामी, आणि ती नेमकी पेटीशेजारची.

फादर परात आणि तांब्या घेऊन एकेकाचे पाय धुवत येत होते. लाजरस पेटी वाजवत गात होता, नजर पट्ट्यांवर. अकरावा झाला. फादर रिकाम्या खुर्चीसमोर येऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. शेडमध्ये सगळ्यांना कळलं की फादर कशाची वाट बघतायत. पाटोळे दुसऱ्या खुर्चीवर विजार दुमडून, ओले पाय पुढे धरून बसले होते आणि तेही माझ्याकडेच बघत होते.

मला दोनच शब्द बोलायचे होते. "लाजरस, ये." हाताच्या अंतरावर होता तो. कितीतरी घरची भांडणं मी तोंडाने मिटवली, लोकांच्या मयतावर तास तास बोललो, आणि ते दोन शब्द मला जमले नाहीत. मी पुढे झालो, वहाणा काढल्या आणि स्वतःच त्या खुर्चीवर बसलो. सकाळपासून खुर्च्या वाहून, शेड झाडून काळे झालेले माझे पाय मी फादरांच्या पुढे धरले.

फादरांनी ते धुतले. नीट, बोटांमधून. पुसले, आणि रीतीप्रमाणे ओठ लावले. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, ही खुर्ची तुझी नव्हती."

पेटी थांबली नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत वाजली.

ईस्टरच्या सकाळी लाजरस आला नाही. वर्षातली सगळ्यात आनंदाची मिस्सा, नवे कपडे घालून शेड भरलेली, आणि पेटी कोपऱ्यात झाकलेली. तमिळ वर आणि मराठी खाली, असं 'आलेलूया' झालं. मिस्सा संपल्यावर मला सगळ्यात आधी गाठलं ते पाटोळ्यांनी. "काय हो मास्तर, पेटीची काही व्यवस्था नाही? ईस्टरला असं?" मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तो माणूस खरोखरच चकित झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी रहाटणीला गेलो. ह्या वेळी ऊन-पाणी न काढता सरळ म्हटलं, "माझं चुकलं. घाबरलो."

"ठाऊक आहे," लाजरस म्हणाला.

"पेटीवर ये."

तो म्हणाला, "मास्तर, ईस्टरनंतर तुम्ही फादरांना घेऊन घरोघरी जाता, आशीर्वादाचं पाणी शिंपडता. चौदा वर्षं मी पेटी वाजवतोय. आमच्याकडे कधी आला नाहीत."

आमची पद्धत अशी, की प्रत्येक कुटुंबाचं एक कार्ड असे आणि त्या कार्डांप्रमाणे घरांची फेरी निघे. सड्या माणसांच्या खोल्या आम्ही गाळत असू. ती खोली घर आहे हे त्याने मला विहिरीवर सांगितलं होतं, आणि मी त्याचं कार्ड केलं नव्हतं. स्वागत-स्वागत म्हणतात ते कुणी कुणाचं करायचं असतं? आम्ही त्याच्या गाण्यावर जगत होतो आणि त्याच्या उंबऱ्याशी कधी उभे राहिलो नव्हतो.

फेरीच्या दिवशी येतो असं मी लाजरसला सांगून आलो, पण फादरांना विचारायला त्या दिवशीच, भीतभीत गेलो. ते उठून चपला घालायला लागले. मी म्हटलं, "फादर, समिती विचारेल." ते म्हणाले, "मी घराला आशीर्वाद देतो. आत राहणाऱ्यांची परीक्षा घ्यायचं काम समितीने मला दिलेलं नाही, आणि देवानेही दिलेलं नाही. पाण्याची बाटली घे."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळली होती. रस्त्यात फुपाटा इतका, की पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे झाले होते. खोली सारवलेली, दाराला आंब्याचा टहाळा, हौसाबाई नवं लुगडं नेसून दोन शेजारणींसह अंगणात. फ्रान्सिस टॉवेल घेऊन उभा. लाजरस घंगाळातून तांब्या भरून उंबऱ्यापाशी आला, तसा आपल्याकडे पाहुण्यासाठी कुणीही येतो.

आधी त्याने फादरांच्या पायांवर पाणी घातलं. मग माझ्याकडे वळला. मी मागे सरलो. "राहू दे, मी घेतो."

"सकाळीच सारवलंय, मास्तर," तो म्हणाला. "पुढे करा."

त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पायावर धूळ होती आणि जमीन ओली होती, एवढंच. मी पाय पुढे केले. त्याने वाकून पाणी घातलं, डाव्या टाचेला लागलेली माती हाताने काढली. फादर बाजूला उभे राहून बघत होते. मला रडू आवरेना. शेजारणींना वाटलं डोळ्यांत धूळ गेली.

आत जाऊन फादरांनी प्रार्थना केली, चारही भिंतींवर पाणी शिंपडलं. मग मी नवं कार्ड काढलं. "कुटुंबप्रमुखाचं नाव?" लाजरस म्हणाला, फ्रान्सिसचं घाला. फ्रान्सिस म्हणाला, त्याचं घाला. दोघांचं पाच मिनिटं तेच चाललं. "लवकर ठरवा, अजून चार घरं व्हायचीत," मी खेकसलो. शेवटी फादरांनी पेन घेऊन दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिली.

लाजरस पुढच्या रविवारपासून पेटीवर आला. पाटोळ्यांनी तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. मेहुण्याला परमनंट व्हायला आणखी दोन वर्षं लागली आणि त्याबद्दल बायकोने मला जे ऐकवलं ते अंकात छापण्याजोगं नाही. पुढच्या वर्षी यादीत पहिलं नाव मी लाजरसचं घातलं. दारावर लावण्याआधी त्याला दाखवायला गेलो. तो वाचून हसला. "नको मास्तर. पेटी कोण वाजवेल?" मी दर वर्षी विचारत राहिलो, आणि त्याने दर वर्षी हेच उत्तर दिलं. मग एका वर्षी विचारायला तो उरला नाही. फाउंड्रीच्या धुराने त्याची छाती खरंच गेली होती, मुलीच्या मामाला मी खोटं सांगितलं होतं तशीच. फ्रान्सिस पेटी घेऊन वसईला गेला.

सभेनंतर माझ्याकडे जपून ठेवलेलं ते जुनं कार्ड मी नव्या फादरांना नेऊन दिलं. त्यांनी दोन्ही नावं वाचली. मी निघालो तेव्हा म्हणाले, "मास्तर, येत्या पवित्र गुरुवारी बारांमध्ये तुम्ही बसा. आता चर्चमध्ये सगळ्यात वडील तुम्हीच."

मी म्हटलं, "माझे पाय दोनदा धुऊन झालेत, फादर. ज्याचे राहिले, तो आता नाही."